वाटाण्याचा वेल आणि दादासाहेबांचे डोळे

१९११ सालचा एप्रिल महिना. ईस्टरचे दिवस होते. गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये एक गृहस्थ आपल्या थोरल्या मुलाला घेऊन गेले. पडद्यावर त्या दिवशी कोणी राजा नव्हता, राणी नव्हती. होते ते प्राणी. ‘अमेझिंग ॲनिमल्स’ या नावाची ती छोटी फीत होती. पांढऱ्या कापडावर जनावरे चालताना, वळताना, श्वास घेताना पाहून मुलगा भालचंद्र थक्क झाला. घरी येऊन त्याने आईला सगळे सांगितले. कापडावर जिवंत प्राणी हिंडतात, ही गोष्ट घरात कोणालाच खरी वाटली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी वडील सगळ्या कुटुंबालाच घेऊन गेले. पण सणामुळे खेळ बदललेला होता. प्राण्यांच्या जागी येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखवले जात होते.

हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखले गेलेले दादासाहेब. येशूचे चरित्र पाहताना त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या दिवशीचे प्राणी मात्र विस्मरणात गेले. तसाच विस्मरणात गेला तो वाटाण्याचा एक वेल. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी कॅमेऱ्यासमोर ठेवला होता तो कोणी नट नव्हता, एक कुंडी होती. आज वन्यजीवांवरचे माहितीपट घराघरांत पाहिले जातात. त्या परंपरेचे आपल्याकडचे मूळ शोधायचे तर त्या कुंडीपर्यंत जावे लागते. वाटेत दादासाहेबांच्या डोळ्यांवर आलेले एक मोठे संकटही लागते.

प्लेग, अफवा आणि कॅमेरा

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित. त्यांना मुंबईत अध्यापनाची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराजांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, छायाचित्रण, छपाईच्या निरनिराळ्या पद्धती, शिल्प, थोडी जादूगिरी, जे दिसेल ते शिकायचे अशी त्यांची वृत्ती होती. काही काळाने गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडला.

तेवढ्यात प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ही साथ पाहता पाहता पश्चिम भारतभर पसरली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, हे १८९८ मध्ये मांडले गेले होते. पण ते ज्ञान गावोगावच्या घरांपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला आणि प्रतिजैविके तर अजून कित्येक दशके दूर होती. एकोणिसावे शतक संपता संपता फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल या साथीत गेले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांचा संसार मोडला.

ते बडोद्याला परतले, तर धंदा चालेना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी समजूत लोकांत पसरली होती. घरोघरी मृत्यू होत असताना भीतीला काहीतरी आकार हवा असतो. तो कधी लशीला मिळतो, कधी डॉक्टरला, कधी एखाद्या यंत्राला. फाळक्यांनी बडोद्याच्या राजघराण्यापर्यंत जाऊन छायाचित्रणाची बाजू मांडली, पण गिऱ्हाईक काही वाढले नाही. मग ते नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी संबंधित करंदीकरांच्या घरातल्या गिरिजाबाई सरस्वतीबाई फाळके झाल्या. १९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. काही वर्षांत ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. तिथे राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम होई. छापखाना पुढे दादरला आला, नवा भागीदार मिळाला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदाराशी मतभेद झाले आणि ते हात हलवत बाहेर पडले. १९११ च्या एप्रिलमध्ये मुलाला घेऊन प्राणी पाहायला गेलेला माणूस हा असा होता: वय चाळीस, पदरी संसार, पाठीशी अनेक कला आणि हाताला काम नाही.

डोळ्यांनी दिलेला इशारा

त्यानंतरचे काही महिने फाळक्यांनी अक्षरशः पडद्यासमोर काढले. युरोपातून पुस्तके आणि यंत्रांच्या किमतींची पत्रके मागवली. एक लहानसे यंत्र आणि काही फिती विकत घेतल्या. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडून भिंतीवर चित्रे हलवून पाहायची, दिवसा चित्रपटगृहात जायचे, असे चक्र सुरू झाले. रोज चार-पाच तास ते फिती पाहत. विश्रांती नाही, पुरेशी झोप नाही. डोळे दुखू लागले, नजर अंधूक झाली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती त्यांनी मानली नाही आणि एक वेळ अशी आली की त्यांना दिसेनासे झाले.

ज्याचे पोट नजरेवर चालते आणि ज्याचे स्वप्नही नजरेचेच आहे, त्याच्यावर यापेक्षा मोठी आपत्ती कोणती? घरात मिळकत नाही, मुले लहान आणि कर्ता माणूस चाचपडत चालतो आहे. नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांनी त्यांच्यावर उपचार केले. तीन-चार निरनिराळे चष्मे दिले, विश्रांती घ्यायला लावली आणि हळूहळू दृष्टी परत आली.

फाळक्यांना नेमके काय झाले होते? चरित्रांमध्ये दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचा उल्लेख येतो. शंभर वर्षांनंतर, तपासणीचा कागद हाती नसताना कोणी निदान करू नये. पण आजच्या वैद्यकाच्या आधारे काही गोष्टी नक्की सांगता येतात. पडदा पाहिल्याने मोतीबिंदू होत नाही. वय, मधुमेह, डोळ्याला झालेली इजा, तंबाखू, काही औषधे आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ही त्याची मुख्य कारणे आहेत. पिकलेला मोतीबिंदू चष्म्याने उतरत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. ज्या अर्थी चष्म्यांनी आणि विश्रांतीने फाळक्यांची नजर सुधारली, त्या अर्थी त्यांच्या त्रासातला मोठा वाटा चष्म्याने आणि आरामाने भरून निघण्यासारखा असावा.

इथे त्यांचे वय ध्यानात घ्यायला हवे. चाळिशी ओलांडली की डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. यालाच आपण चाळिशी लागणे म्हणतो. त्याच सुमारास हा माणूस भिंगे, फिती आणि बारीक चित्रे यांच्यात बुडाला होता. त्याआधीची कित्येक वर्षे कोरीवकाम आणि छपाईत गेली होती. शिवाय एकटक पाहताना पापण्या लवणे निम्म्याहूनही कमी होऊ शकते. डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो, जळजळ होते, दिसणे धूसर होते, डोके दुखते. मंद, लुकलुकत्या उजेडात हा ताण अधिक जाणवतो. मोबाइलच्या काळात डॉक्टरांकडे येणाऱ्या तक्रारी याहून फार वेगळ्या नाहीत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहा, हा आजचा सल्ला फाळक्यांना कोणी दिला नव्हता. दिला असता तरी त्यांनी तो मानला असता असे नाही.

पण इशारा त्यांना मिळाला होता आणि नशीब असे की त्यांना दुसरी संधीही मिळाली. डोळे उघडले तेव्हा इरादा तोच होता. बारा हजार रुपयांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट पकडली. विमा हा घरातल्या माणसांचा शेवटचा आधार. तो गहाण ठेवणे म्हणजे काय, हे सरस्वतीबाईंना कळत नव्हते असे नाही. तरी त्या पाठीशी उभ्या राहिल्या.

लंडनमध्ये फाळक्यांनी ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांची भेट घेतली. या साप्ताहिकाचे ते मुंबईत बसून वर्गणीदार होते. संपादकांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नये असेच सुचवले. पण त्यांची जिद्द पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांच्यासाठी मोकळा केला. दोन महिन्यांत जमेल तेवढे शिकून, विल्यमसन बनावटीचा एक कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फिल्म व तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवून फाळके १ एप्रिलला परतले.

कुंडीतला नायक

दादरच्या ‘मथुरा भवन’मध्ये त्यांनी बिऱ्हाड हलवले. आवारात काचेची एक खोली उभारली, एक अंधारखोली केली. मे महिन्यात सामान आले. नकाशावरून यंत्रे जोडली. फिल्मला दोन्ही कडांनी छिद्रे पाडण्याचे काम अंधारात, हाताच्या अंदाजाने करावे लागे. ते सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणेही शिकल्या. आजूबाजूच्या मुलामुलींची चित्रे घेऊन कॅमेरा चालतो याची खात्री झाली. आता पैसा हवा होता आणि हलत्या चित्रांच्या नावाने पैसे द्यायला सावकार तयार नव्हते.

फाळक्यांनी मग काय केले? एका कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ, ठरावीक अंतराने, एकेक चित्र घेत राहिले. कोंब मातीतून वर आला, पाने उलगडली, तणावे फुटले, वेल चढू लागला. हे सारे जोडून जी फीत तयार झाली ती मिनिटभराची. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’.

रोज एकच चित्र घेतले, असे ही गोष्ट सांगताना म्हटले जाते. साधा हिशेब मांडून पाहावा. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडद्यावरून सरकत. म्हणजे महिन्याची तीस चित्रे दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराच्या फितीला ९६० चित्रे लागतात. महिन्याला भागले तर रोजची तीसेक येतात. याचा अर्थ दिवसातून एकदा येऊन कळ दाबण्याचे हे काम नव्हते. दिवसभर त्या कुंडीभोवतीच राहावे लागले असणार. यंत्र तसूभर हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये. उजेड सूर्याचा, म्हणजे सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. पावसाळी ढग आले की आणखी वेगळा. नुकतीच नजर परत मिळालेला माणूस आपले डोळे एका कोंबावर लावून बसला होता.

वनस्पती हलतात, हे विज्ञानाला तेव्हा नवे नव्हते. चार्ल्स डार्विन यांनी आपला मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने झाडांच्या हालचालींवर मोठा ग्रंथ लिहिला होता. तो १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत कष्टाची होती. झाडासमोर काच धरायची आणि शेंड्याची जागा त्या काचेवर ठिपक्यांनी नोंदवत जायची. ठिपके जोडले की वाढता शेंडा हवेत वेटोळी घेत फिरतो हे दिसे. पुढे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर हेच काम कॅमेऱ्याने केले. १९१० मध्ये इंग्लंडच्या पर्सी स्मिथ यांनी कळ्या उमलतानाची फीत काढली आणि ती सर्वसामान्य प्रेक्षकांनी पाहिली. दादरच्या काचेच्या खोलीतला वेल याच कुळातला.

वाटाण्याची निवडही योग्य होती. वाटाणा लवकर रुजतो, भराभर वाढतो आणि मुख्य म्हणजे आधार शोधतो. त्याचे तणावे हवेत फिरतात, काठीला टेकले की स्पर्श ओळखतात आणि तिला वेढा घालतात. स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मंदावते, पलीकडची बाजू वेगाने वाढते आणि तणावा वाकतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, कारण आपल्या मेंदूला वेगाची ठरावीक पट्टीच कळते. फार जलद ते निसटते, फार सावकाश ते स्थिर वाटते. कॅमेऱ्याने महिना मिनिटात आणला आणि कुंडीतली वनस्पती एकाएकी प्राण्यासारखी वागताना दिसली. चाचपडणारी, वळणारी, पकड घेणारी.

ही फीत फाळक्यांनी निवडक मंडळींना दाखवली. पाहणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते. ती पाहून त्यांना कर्ज देण्याची तयारी दाखवली गेली. भारतातल्या पहिल्या कथापटामागचे भांडवल असे एका वेलाने मिळवून दिले. जे भाषणांनी झाले नसते ते साठ सेकंदांच्या हिरव्या हालचालीने झाले.

जनावरांपासून सुरू झालेली कला

फाळक्यांच्या आयुष्यातला हा क्रम, आधी प्राणी, मग वनस्पती, मग देव आणि माणसे, योगायोगाचा वाटतो. पण चलच्चित्राचा जन्मच मुळी निसर्ग आणि शरीर समजून घेण्याच्या धडपडीतून झाला. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची ओळीने चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, या वादाचा निकाल त्यांनी लावला. पॅरिसचे एतिएन-ज्यूल मारे हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. नाडी आणि हृदयाचे ठोके कागदावर उतरवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला बारा चित्रे घेई. त्यांनी नेम धरला तो उडत्या पक्ष्यांवर, पण मारण्यासाठी नव्हे, पंख कसे हलतात ते पाहण्यासाठी. १९०९ मध्ये झां कोमांदों या फ्रेंच डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून उपदंशाच्या वळवळत्या जंतूंची फीत केली. पुढे हे यंत्र नाट्य-नृत्याच्या घरी गेले. त्याचे माहेर मात्र प्रयोगशाळेत आहे.

फाळक्यांनीही ते माहेर पूर्णपणे तोडले नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले होते. चित्रीकरणाच्या दिवसांत त्या चमूचा स्वयंपाक करत, फिल्म धूत आणि उन्हाचा उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. रोहिदासाच्या भूमिकेत होता तोच भालचंद्र, ज्याने प्राणी पाहून घर डोक्यावर घेतले होते. चित्रपट चालला आणि फाळके नाशिकला गेले. १९१७ चा ‘लंकादहन’, १९१८ चा ‘श्रीकृष्णजन्म’, १९१९ चा ‘कालियामर्दन’ अशी मूकपटांची रांग लागली. पण त्याच हातांनी त्यांनी लहान माहितीपटही केले. त्र्यंबकेश्वरची सिंहस्थ पर्वणी, तळेगावचा काचेचा कारखाना, चित्रपट कसा तयार होतो त्याची हकीकत. आगकाड्या हलवून केलेला एक गमतीचा लघुपटही त्यांचाच. त्यात एकेक चित्र घेण्याची वाटाण्याच्या वेळची युक्तीच कामी आली.

यशाचे दिवस फार टिकले नाहीत. पहिल्या महायुद्धात कच्ची फिल्म आणि पैसा दोन्ही आटले. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. चित्रपट बोलू लागला आणि मूकपटाचा कारागीर मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट, आणि त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी फार थोडे भाग आज शिल्लक आहेत. जुनी फिल्म ज्वालाग्राही असे आणि नीट न जपल्यास कुजत असे. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने देशातला सर्वोच्च चित्रपट सन्मान सुरू झाला.

पडदा आणि अंगण

निसर्गाचे चित्र पाहून माणसाला काही होते का, याचा अभ्यास फाळक्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी झाला. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२० जणांना आधी ताण वाढवणारी एक फीत दाखवली. मग काहींना झाडे-पाण्याची, तर काहींना शहरी रस्त्यांची चित्रफीत दाखवली. झाडे आणि पाणी पाहणाऱ्यांचा ताण लवकर उतरला. स्नायू लवकर सैल झाले, त्वचेवरच्या विद्युत नोंदी लवकर शांत झाल्या. म्हणजे पडद्यावरच्या निसर्गाचीही दखल शरीर घेते.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती डोळ्यांची आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या वेळात रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर ठेवले गेले. तीन वर्षांनंतर नेहमीच्या शाळांतल्या शंभरातील सुमारे चाळीस मुलांना लघुदृष्टी आली होती. बाहेर खेळणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे तीस होते. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोकळ्या आकाशाचा उजेड वाढत्या वयातल्या डोळ्याचे रक्षण करतो, असे आता मानले जाते. प्राण्यांची फीत पाहणाऱ्या मुलाला तिथून उठवून खऱ्या झाडाखाली नेणे, हे म्हणूनच पालकाचे काम उरते. फाळक्यांनी मुलाला पडद्यापर्यंत नेले. आजच्या आईबापांना उलट दिशेने जायचे आहे.

नवी मुंबईकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती ‘रामसर’ पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो गुलाबी पक्षी इथे असतात. नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकाठी दर रविवारी मोबाइल उंचावलेले दिसतात. दहा सेकंदांची फीत घेतली की माणसे निघतात. त्या दहा सेकंदांत पक्षी जवळजवळ स्थिर असतो.

तिथे थोडे थांबले तर वेगळेच काही कळते. ओहोटी लागली की पक्षी खाडीच्या चिखलावर जाऊन शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. त्यातल्याच रंगद्रव्यांनी त्यांची पिसे गुलाबी होतात. भरती आली की चिखल बुडतो आणि थवे आतल्या तळ्यांकडे सरकतात. भरती-ओहोटीचे हे चक्र सुमारे सहा-सहा तासांचे. तळ्यात पाणी येण्याची वाट बुजली तर भरतीच्या वेळी या पक्ष्यांनी उभे तरी कुठे राहायचे? खाडी वाचवली आणि तळी गमावली तर थवा वाचत नाही, ही गोष्ट दहा सेकंदांत दिसत नाही. तिला सहा तास द्यावे लागतात.

दादरच्या काचेच्या खोलीत एका माणसाने वाटाण्याला महिना दिला होता. नुकत्याच परत मिळालेल्या नजरेने तो रोज त्याच कुंडीकडे पाहत राहिला आणि जे सगळ्यांच्या समोर असून कोणालाच दिसत नव्हते, ते त्याने दाखवले. खाडीकाठी उभे राहणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवून एक पूर्ण ओहोटी पाहिली, तर दादासाहेबांची ती फीत त्याला न पाहताही कळेल. आणि तेवढा वेळ लांबवर पाहिल्याने डोळ्यांनाही विसावा मिळेल.